फसली सनातले पणजोबा

2023 साली पावसानं ऑगस्टभर दडी मारली आणि सोयाबीन करपलं, पण दिवाळीच्या तोंडावर आमच्या ताडकळसात इतिहाससंशोधकांचं पीक मात्र जोमात आलं. सातवीनंतर पुस्तकाला हात न लावलेले गडी पारावर बसून खासरा पत्रक आणि पाहणी पत्रक यांतला फरक समजावून सांगू लागले. कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14, हे ज्याला ठाऊक नाही त्याला चहा विचारणं बंद झालं. मोडी वाचणाऱ्याची वाट लोक जावयासारखी पाहायचे. आणि उर्दू येणारे एक म्हातारे चाचा, ज्यांना इतकी वर्षं कुणी रामराम घालत नव्हतं, त्यांच्या ओट्यासमोर मोटारसायकली उभ्या राहू लागल्या.

कारण सगळ्यांना माहीत आहे. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती सप्टेंबरात नेमली गेली. ऑक्टोबर सरता सरता सरकारनं हिशेब सांगितला : मराठवाड्यात पावणेदोन कोटींच्या घरात कागद तपासले, 11,530 नोंदी सापडल्या. मराठ्यांना कुणबी दाखले देण्याची मागणी रास्त की कशी, हे बोलायला शहाणी माणसं आहेत. मी त्या पावणेदोन कोटींवरच अडकलो. एवढे कागद आपल्याकडं होते! तहसिलीच्या कपाटात, शाळेच्या माळ्यावर, लाल फडक्यात बांधून. आणि दाखल्याची गरज पडेपर्यंत त्यांची चौकशी करायला वाळवीशिवाय कुणी गेलं नव्हतं.

एके सकाळी शेजारचे आबा झेरॉक्स फडफडवत आले.

"मास्तर, बगा! आमचा पंजोबा 1343 सालचा निगाला."

"काय सांगता आबा?"

"लिवलंय की हितं. म्हंजी नामदेव महाराजांच्या टायमाचा. नरशी काय लांब हाय व्हय इथून? भेट झाली आसंल दोगांची."

आता आली का पंचाईत. निजामाच्या दफ्तरात फसली सन चाले. त्यात 590 मिळवले की इसवी सन हाती येतो. म्हणजे पंजोबा 1933 चे. मी हिशेब मांडून दाखवला. आबा बराच वेळ गप्प बसले. मग झेरॉक्सची घडी घालत म्हणाले, "मास्तर, जेवत्या पंगतीतून उठीवलं तुमी आमच्या पंजोबाला."

दोष आबांचा नाही. फसली सन त्यांना शिकवला कोणी? शाळेत आपण पानिपत शिकलो, फ्रान्सची राज्यक्रांती शिकलो. आपल्या आजोबांच्या काळी सरकारी कागद उर्दूत का निघत, 1918 साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात मराठी घरातली पोरं उर्दूतून का शिकत, हे कुठल्या धड्यात होतं? 17 सप्टेंबरला झेंडा लावायचा, पेढा खायचा आणि घरी यायचं, एवढाच आपला हैदराबाद संस्थानाशी संबंध.

पुढं याच दाखल्यांसाठी 2 सप्टेंबर 2025 चा शासन निर्णय आला आणि 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द चहाच्या टपरीवर गेला. या गॅझेटापायी जो गोंधळ आहे तो जराक निस्तरू द्या. गॅझेट म्हणजे राजपत्र, सरकारी हुकूम छापायचं. गॅझेटिअर म्हणजे पुस्तक : नद्या, पिकं, जाती-जमाती, बाजार, जत्रा, देवळं, सगळं एका बांधणीत. असं एक पुस्तक आपल्या परभणी जिल्ह्याचंही आहे. महाराष्ट्र सरकारनं 1967 साली काढलेलं. त्या दशकात गॅझेटिअर खात्याचा कारभार सेतुमाधवराव पगडींकडं होता. हा माणूस निजामाच्या नोकरीत मुरलेला आणि फारसी-उर्दूचा पक्का जाणकार. पुस्तक मात्र इंग्रजीत. म्हणजे आधी उर्दू, मग इंग्रजी. आमच्या जिल्ह्याची हकिकत जिल्ह्याला कळू नये याची काळजी दोन्ही राजवटींनी सारखीच घेतली.

ते पुस्तक मागायला मी एका वाचनालयात गेलो होतो. कोणत्या, ते विचारू नका. काउंटरवरच्या मुलानं मान वर न करता विचारलं, "कोणत्या परीक्षेला आहे?"

म्हटलं, "परीक्षेला नाही, वाचायला पाहिजे."

तेव्हा त्यानं मान वर केली. आणि आतून पुस्तक आणलं, हे त्याच्या नावावर जमा करतो. ते इतकं कोरं होतं, की मध्ये दोन पानं कडेला फाडायचीच राहिली होती. तलाठी भरतीची गाइडं मात्र वापरून वापरून पिसं निघालेली. उद्याचे तलाठी तिथं घडतायत, ठीक आहे, पण ज्या गावचं दफ्तर सांभाळायचं त्या गावावरचं पान तेवढं बंद.

गंमत बघा, राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदाही 1967 चाच. आणि ओबीसी दाखल्यासाठी जी तारीख पाठ करावी लागते ती 13 ऑक्टोबर 1967. एकाच वर्षानं आपल्याला जिल्ह्याचं पुस्तक दिलं, वाचनालयाचा कायदा दिला आणि एक तारीख दिली. तारीख तेवढी आपण पाठ केली. कायद्यानं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग दिले. खेड्यातलं वाचनालय बहुधा ड. शाळेत 'ड' तुकडीतल्या पोराकडं गुरुजी जितकं लक्ष देत, तितकंच अनुदान त्याला मिळतं, तेही हप्त्यानं.

तरी परभणीचं गणेश वाचनालय शंभरी ओलांडून उभं आहे, आणि वाचायला घरचा लेखकही आहे. बी. रघुनाथांसारखा कवी-कथाकार तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातल्या सातोन्याचा, बांधकाम खात्यात कारकुनी करत लिहिणारा, 1953 साली ऐन चाळिशीत गेला. निजामी अमलात इथला माणूस कसा जगला हे त्याच्या गोष्टींत सापडतं. खासरा पत्रकात सर्व्हे नंबर सापडतो.

आणि वंशावळ! दाखल्यासाठी शंभराच्या बाँडवर घरोघरी झाड काढलं गेलं. खापरपणजोबा, पणजोबा, त्यांची चार पोरं, त्यांची अकरा. मी अशी बरीच झाडं बारकाईनं पाहिली. एवढी पोरं झाली, पण एकाही झाडावर बाई नाही. नुसत्या बापांपासून वाढलेलं गाव जगात आमचंच असावं. याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंचं नाव सातशे वर्षं टिकलं, ते अभंगांमुळं. वंशावळीच्या भरवशावर राहिल्या असत्या तर त्यांचे वडील दमा तेवढे उरले असते.

बरं, घराण्यांचा शोध घ्यायचाच तर वाटा पुष्कळ आहेत. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत, तिथं गेलेल्या पूर्वजांची नावं गावानिशी सापडतात. हरिद्वारच्या अशा वह्यांची मायक्रोफिल्म अमेरिकेतल्या उटाहच्या वंशावळ संस्थेनं कधीच करून ठेवली. हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात निजामी दफ्तर आहे. मोडी शिकायची तर पुराभिलेख खातं वर्ग घेतं. आबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आता कामून? दाखला निगाला की."

तर वाचकहो, एक काम आहे. माझ्या पणजीचं नाव मला सापडत नाही. कोतवाल बुकात तिच्या लेकाचा जन्म आहे, बापाचं नाव आहे, तिचं नाही. पूर्णेकडची होती, एवढंच घरात सांगतात. तिकडं कुणाच्या आजीला काही आठवत असेल, तर कळवा.