त्र्याण्णव टक्के तुमचेच!

पूर्वी जनतेचा कौल घ्यायचा म्हणजे पक्षांना केवढा व्याप! मंडप घाला, खुर्च्या मांडा, माणसं आणा. आणि एवढं करून एखादे आजोबा उठून नळाला पाणी कधी येणार, असं विचारायचेच. ऑनलाइन लोकसहभागाने ही ब्याद गेली. या मार्गाला लागू पाहणाऱ्या पक्षांनी थोरांचा कित्ता गिरवावा.

पहिला धडा प्रश्नपत्रिकेचा. नोटाबंदीनंतर दोन आठवड्यांत, नोव्हेंबर २०१६ मध्ये, नमो ॲपवर दहा प्रश्न झळकले. भारतात काळा पैसा आहे असं वाटतं का, हा पहिला. याला 'नाही' म्हणणारा एक तर संत असणार, नाही तर सीए. पुढे विचारलं होतं, नोटाबंदीमुळे घरं, उच्च शिक्षण आणि आरोग्यसेवा सामान्यांच्या आवाक्यात येतील का? पर्याय तीन : पूर्ण सहमत, अंशतः सहमत, सांगता येत नाही. असहमतांची सोय नव्हती. नोटाबंदीला पाठिंबा निघाला ९३ टक्के. उरलेले सात टक्के तेव्हा एटीएमच्या रांगेत असावेत.

दुसरा धडा उमेदवारीचा. जानेवारी २०२२ मध्ये आम आदमी पक्षाने पंजाबचा मुख्यमंत्रिपदाचा चेहरा कोण, हे जनतेला फोनवरून विचारलं. भगवंत मान यांना ९३.३ टक्के! जनता जनार्दनाचा हा ठरलेला भावच दिसतो. काहींनी भाबडेपणाने केजरीवालांचंच नाव कळवलं, ती मतं बाद झाली. तीन टक्क्यांहून अधिक लोकांनी नवज्योत सिद्धूंना पसंती दिली. सिद्धू तेव्हा पंजाब काँग्रेसचे अध्यक्ष होते. पण सहभाग म्हटला की एवढं चालायचंच.

तिसरा धडा गोपनीयतेचा. डिसेंबर २०१८ मध्ये तीन राज्यं जिंकल्यावर राहुल गांधींनी ध्वनिसंदेश पाठवून कार्यकर्त्यांना विचारलं, मुख्यमंत्री कोण हवा? आणि तुम्ही घेतलेलं नाव फक्त मलाच कळेल, अशी हमीही दिली. मुख्यमंत्री जाहीर झाले, मतांचे आकडे मात्र गुलदस्त्यात राहिले. दिल्या शब्दाला जागणं राजकारणात दुर्मीळच.

हेही जमत नसेल, तर मिस्ड कॉल आहेच. २०१४-१५ च्या मोहिमेत भाजपने याच वाटेने दहा कोटी सभासदांचा दावा केला. नागरिकाने फोन लावायचा, पलीकडून कुणी बोलायचं नाही. निवडणुकीनंतर हेच होणार, तेव्हा सभासदाला सवय आधीपासूनच लागलेली बरी.

फक्त विचारायचं कुठे थांबवावं, हे कळलं पाहिजे. त्यात महाराष्ट्राचा हात कुणी धरणार नाही. जून २०२२ मध्ये आपले बंडखोर आमदार आधी सुरतेला गेले, मग गुवाहाटीला. ॲप होती, लिंक होत्या, मतदारांचे मोबाइल नंबर तर बूथनिहाय होते. तरी 'जाऊ का?' असा मेसेज एकाही मतदाराला आल्याचं ऐकिवात नाही. हॉटेलचं बुकिंग ऑनलाइन झालं असेल, तर तेवढाच काय तो डिजिटल सहभाग.