दहा मिनिटांचे मनन

ख्रिस्ती मनन म्हणजे पवित्र शास्त्रातला लहानसा उतारा सावकाश वाचून त्याचा विचार करत देवासमोर शांत बसणे. त्यासाठी लागणारे साहित्य असे : एक बायबल, एक चटई आणि दहा मिनिटे. पहिल्या दोन वस्तू सहज मिळतात. तिसरीचा तुटवडा जगभर आहे.

जालना जिल्ह्यात मनाला वळण लावण्याचा उद्योग जुना आहे. समर्थ रामदास 1608 साली याच जिल्ह्यातल्या जांब गावी जन्मले. त्यांनी मनाला उद्देशून 205 श्लोक लिहिले. मन ऐकणारे असते तर एकातच भागले असते. ख्रिस्ती उपासना इथे रुजवण्यात मोठा वाटा रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा. ब्राह्मण घराण्यातल्या शेषाद्रींचा बाप्तिस्मा 1843 मध्ये मुंबईत झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे त्यांनी जालन्यात काम मांडले आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून शहराजवळ बेथेल हे गाव वसवले. शास्त्रातल्या बेथेलात याकोब धोंडा उशाला घेऊन झोपला आणि स्वर्गाला टेकलेली शिडी त्याला स्वप्नात दिसली. मननाच्या वेळी डुलक्या घेणारे हा दाखला हटकून देतात. याकोब झोपायच्या वेळीच झोपला होता, एवढे मात्र गाळतात.

शिडीची कल्पना बाराव्या शतकात दुसरा गीगो या फ्रान्समधल्या मठवाशाने उचलली आणि तिला चार पायऱ्या दिल्या : वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी शब्दांवाचून देवाच्या सहवासात राहणे. पहिली पायरी कोणालाही जमते. दुसरीवर पाय ठेवताच गॅस बंद केला होता की नाही, ही शंका येते.

उतारा निवडताना हौस आवरावी. जानेवारीत पुष्कळजण संपूर्ण बायबल, म्हणजे 66 पुस्तके आणि 1,189 अध्याय, वर्षात संपवण्याचा संकल्प सोडतात. उत्पत्ती भराभर होते, निर्गमही निम्मे रंगते. मग लेवीय येते आणि घराच्या भिंतीला येणाऱ्या बुरशीचे नियम सुरू होतात. कोरड्या जालन्यात त्यांचा उपयोग न सुचल्यामुळे वाचनाची खूण पुढच्या जानेवारीपर्यंत तिथेच मुक्काम करते. त्यापेक्षा मार्कच्या शुभवर्तमानातल्या पाच-सात ओळी बऱ्या. स्तोत्र 117 मध्ये तर दोनच ओव्या आहेत. ते निवडणाऱ्याला आळशी म्हणण्याचे कारण नाही, मात्र रोज तेच निवडणाऱ्यावर लक्ष ठेवावे.

वेळेचा प्रश्न अधिक बिकट. परंपरा पहाटेची शिफारस करते. पण शहरात नळ रोज येत नाही, आणि ज्या दिवशी येतो त्या दिवशी घरातले सर्वांत भाविक माणूसही हंड्यापाशीच सापडते. म्हणून मनन घड्याळाला न बांधता रोज हमखास होणाऱ्या कामाला बांधावे. असे काम म्हणजे सकाळचा चहा. तो उपासातही चुकत नाही. चहा संपल्यावर, कप विसळण्याआधी बसावे. बायबल छापील घ्यावे. मोबाइलवरच्या बायबलात वचनाच्या डोक्यावरच मंडळीच्या ग्रुपवरची सुप्रभातची फुले उगवतात.

मननातले अडथळे तीन. पहिला झोप. गेथशेमाने बागेत येशूच्या पेत्र, याकोब (शिडीवाला नव्हे) आणि योहान या तिघा शिष्यांनाही तासभर जागता आले नाही. प्रभूने त्यांना टोकले, पण शिष्यपदावरून काढले नाही. तरीही पाठ भिंतीला टेकू नये. दुसरा अडथळा कंटाळा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रिअसने याला दुपारचा सैतान म्हटले आहे : तो चढला की साधू पुन्हापुन्हा खिडकीबाहेर पाहतो, जेवणाला किती अवकाश आहे हे सूर्यावरून ताडतो आणि कोणी भेटायला येते का याची वाट बघतो. जालन्याच्या मे महिन्यात या वर्णनात बदल करावा लागत नाही.

तिसरा अडथळा म्हणजे भटकणारे मन. 1535 मध्ये मार्टिन ल्यूथरने आपल्या न्हाव्यासाठी प्रार्थनेची साधी रीत लिहून दिली. चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर असते. तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक धोक्यात येते. प्रार्थनेतही तसेच लक्ष हवे, असे ल्यूथरचे म्हणणे. सामान्य साधकाच्या हातून मात्र नाके रोज कापली जातात, म्हणून एक सवलत ध्यानात ठेवावी : मन भटकले म्हणजे मनन बिघडले असे नव्हे. ते मोंढ्यातल्या बाजारभावावर गेले, तर न रागावता पुन्हा वचनावर आणावे. पुन्हा जाईल, पुन्हा आणावे. या आणण्यालाच सवय म्हणतात.

मननाची परीक्षा चटईवर होत नाही. नळावर पुढे घुसणाऱ्या शेजाऱ्याशी साधक कसा बोलतो, यावरून प्रगती कळते. आणि एखादा दिवस चुकलाच, तर भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी वीस मिनिटे बसू नये. दहाच बसावे.