ऐकण्याचा सातबारा

२००२ मध्ये रिचर्ड जोन्स या साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने गाण्यांची नोंद ठेवणारं 'ऑडिओस्क्रॉबलर' काढलं आणि माणसाच्या ऐकण्याचा सातबारा सुरू झाला. पुढे ते 'लास्ट एफएम' या संगीताच्या संकेतस्थळात मिसळलं. नियम कडक: गाणं निम्मं किंवा चार मिनिटं वाजलं, की नोंद पक्की. मग तुमच्यासारखं ऐकणारे हुडकायचे आणि त्यांची गाणी तुमच्या गळी उतरवायची.

आता ही तलाठीगिरी प्रत्येक फोनमध्ये आहे. चांदूर रेल्वे या गावात मात्र तिची पंचाईत होते. घरात फोन एक. पहाटे आजी त्यावर तुकडोजी महाराजांची भजनं लावते, दुपारी नातू बडबडगीतं, रात्री त्याचा काका वरातीचा डीजे. यंत्राच्या मते हा सगळा एकच इसम. त्याला ते मोठ्या विश्वासाने खंजिरीवरचं बडबडगीत सुचवतं.

उलट गाव खरोखर जे ऐकतं, त्याची नोंदच नाही. सोयाबीन भरलेल्या ट्रॅक्टरवरची गाणी, मंगल कार्यालयाचा भोंगा, अन् बडनेऱ्याकडे जाणारी गाडी उशिरा येत असल्याची स्टेशनातली घोषणा. ऐकण्याच्या संख्येवर क्रमांक लावायचा, तर यंदाची लोकप्रिय गायिका ती घोषणा करणारी बाईच.

१९५७ मध्ये रेडिओवर विविध भारती आली. तेव्हा झुमरीतलैयाचे रसिक फर्माइशीची पोस्टकार्डं पाठवून थकत, तरी आपलं नाव वाचलं जाईल याची खात्री नसे. आता एकही कार्ड न टाकता आपलं सगळं वाचलं जातं, आणि वर्षअखेरीस 'तुमची आवड' म्हणून आपल्यालाच ऐकवलं जातं.