तीन शटरची मंदी

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत नव्यानं राहायला आलेल्या माणसाला दोन गोष्टी लवकर कळतात. एक, तान्ह्या पोळ्यासाठी नावाजलेली सिंदी ही नव्हे. ती सिंदी रेल्वे, तिकडे सेलू तालुक्यात. दोन, इथे मंदी आहे. पहिली गोष्ट कोणीही सांगतं. दुसरी सांगण्याचं काम मात्र मंदीशेठनी एकट्यानं अंगावर घेतलं आहे.

मंदीशेठ हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नाही. दुकानाच्या पाटीवर त्यांच्या वडिलांचं नाव आहे, पण ते वाचायची गरज कोणाला पडत नाही. ‘मंदीशेठकडून दोन बनियन घेऊन ये’ म्हटलं की पोरगं बरोबर तिथेच पोचतं. दुकान रेडीमेड कपड्यांचं. शेठ गल्ल्यावर. साठी उलटलेली, पांढरा शर्ट, खिशाला पेन, गळ्यात टेप आणि चेहऱ्यावर तेरवीला आलेल्या पाहुण्याचा भाव. ‘काय शेठ, कसं काय?’ एवढं विचारण्याची चूक कोणी केली, की उत्तर तयार असतं: “कायचं काय जी! धंदाच नाही राह्यला.”

त्यांच्या मंदीला इतिहास आहे. १५ सप्टेंबर २००८ ला अमेरिकेत लेहमन ब्रदर्स बुडाली. सिंदी मेघेत त्या बँकेचं पासबुक कोणाच्याच घरी नव्हतं, पण मंदीशेठ दोन दिवस नीट जेवले नाहीत. “अमेरिका बसली, आता आपलं काय होते?” असं ते चड्डी-बनियन बांधून देताना प्रत्येकाला विचारत. तेव्हा दुकानाला एक शटर होतं. पुढच्या दिवाळीला दोन झाली. कसं काय, असं विचारलं तर म्हणाले, “मंदीत गाळा स्वस्त भेटला.”

८ नोव्हेंबर २०१६ ला नोटाबंदी आली. त्या साली लक्ष्मीपूजन ३० ऑक्टोबरला होऊन गेलं होतं, म्हणजे दिवाळीचा गल्ला सुखरूप होता. शेठनी मग लग्नसराईच्या नावानं गळा काढला. तो आवरतोय तोच १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मग २०२० चा लॉकडाऊन. तो उठल्यावर वर्षभरात तिसरं शटर लागलं. सिंदी मेघेत अर्थव्यवस्थेचा अंदाज घ्यायचा तर शेअर बाजार बघू नये, मंदीशेठची शटरं मोजावीत. देशावर आणखी एखादं मोठं संकट आलं, तर ते कोपऱ्यावरचं मेडिकलही घेतील अशी त्या मेडिकलवाल्याला भीती आहे.

मंदीची तात्कालिक कारणं संपली की शेठ मूळ कारणाकडे वळतात. “गांधीजी १९३६ साली सेवाग्रामले राहाले आले,” ते आवाज उतरवून म्हणतात, “तेव्हापासून या जिल्ह्यात कापडाचा धंदा मंदच हाय. एवढा मोठा मानूस एका पंच्यावर भागवते, तं लोकं कायले घेतीन?” जिल्ह्यात दारूबंदी आहे आणि मंदीशेठकडे मंदी आहे. या दोन्ही विधानांकडे वर्धेकर एकाच नजरेनं पाहतात.

पण माणूस भोळा नाही. दसऱ्याच्या आधीपासून त्यांची चौकशी सुरू होते, आणि ती फॅशनची नसते. गिऱ्हाईक पायरी चढलं की पहिला प्रश्न: “सोयाबीनले ओल किती सांगितली?” सरकारी खरेदीला बारा टक्क्यांपर्यंतचीच ओल चालते. अठरा सांगितली की शेठना कळतं, हा माणूस व्यापाऱ्याला पडत्या भावात देऊन आला आहे. २०२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ५,३२८ रुपये क्विंटल, आणि बाजारात त्याहून हजार-बाराशे रुपये कमी मिळत होते. वर पावसानं झोडपलेलं. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० चा हमीभाव जाहीर झालेला, आणि तेवढ्यात ऑगस्टमध्ये सरकारनं बाहेरून येणाऱ्या कापसावरचं ११ टक्के शुल्क तात्पुरतं काढून टाकलं. हे सगळे आकडे शेठना तोंडपाठ. ते ऐकून सुरतेहून कोणता माल मागवायचा आणि कोणता नाही, हे त्यांचं ठरतं.

त्या दिवाळीला सहाशेच्या वरच्या साड्या त्यांनी निम्म्यावर आणल्या. पुरुषांच्या पँटी गेल्या वर्षीच्याच पुढे काढल्या. लहान पोरांचे कपडे मात्र दुप्पट भरले आणि अगदी दारात टांगले, पोराच्या डोळ्याच्या उंचीवर. कारण त्यांचा सिद्धांत पक्का आहे: वाईट वर्षात बाप स्वतःचा शर्ट घेत नाही, आई साडी उतरत्या किमतीची घेते, पण पोरांचा फ्रॉक कोणी सोडत नाही.

अमेरिकेत लिओनार्ड लॉडर नावाच्या प्रसाधन-उद्योगपतीनं २००१ च्या मंदीत असंच काहीसं मांडलं होतं, की मोठी खरेदी परवडत नाही तेव्हा बायका लिपस्टिक घेतात आणि तिचा खप वाढतो. जगभर त्याची चर्चा झाली. पुढे अर्थशास्त्र्यांनी आकडे तपासले तेव्हा तो सिद्धांत फारसा टिकला नाही. मंदीशेठचा फ्रॉकचा सिद्धांत अजून कोणी तपासलेला नाही; तो टिकेल असं तिसऱ्या शटरकडे पाहून वाटतं.

त्यांची विक्री ऐकण्यासारखी असते.

“भाऊ, पोरीचा फ्रॉक दाखवा. लय भारी नोको.”

“काय दाखवू वैनी? माल तं भरून ठेवला, पन घेनारा कोन हाय? मंदी हाय नं.”

“हा केवढ्याचा?”

“लिहेल नऊशे हाय. पन आता मंदीत कोन नऊशे देते? तुमी साडेसातशे द्या.”

“पाचशे देतो.”

“वैनी, पाचशेले तं मले घरात पडत नाही. सकाळपासून भोवनी नाही, खोटं कायले सांगू?”

हे सांगताना मागे दोन पोरं घाम पुसत ढिगारे उचलत असतात, आणि ट्रायल रूमसमोर रांग असते. शेवटी साडेसहाशेला सौदा पटतो. वहिनींना वाटतं, बिचाऱ्याच्या अडचणीत आपण जरा जास्तच ओढून धरलं. म्हणून त्या भरपाईदाखल एक मोजे-जोडी आणि दोन रुमालही घेतात. फ्रॉकपेक्षा मोजे-रुमालावर शेठचा नफा जास्त असतो, हे त्या घरी पोचेपर्यंत कोणी त्यांना सांगत नाही. नंतरही सांगत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ ला, ऐन घटस्थापनेला, हजार ते अडीच हजारांच्या कपड्यांवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला. दुसऱ्या दिवशी लोक पेपर हातात घेऊनच दुकानात शिरले. दुसरा कोणी दुकानदार भांबावला असता. शेठनी पेपर शांतपणे वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाले, “सरकारनं आता कमी केला. मी तं कधीपासूनच कमी घेऊन राह्यलो.” यावर कोणाला काही बोलता आलं नाही.

मंदी त्यांना अनेक कामांना येते. गणेश मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन आली, की मंदी. पुतण्याला प्लॉटसाठी उसने हवेत, मंदी. कामावरच्या पोरांचा बोनस, मंदी. मात्र मिठाईचा डबा आणि एकेक ड्रेस ते देतातच. गेल्या वर्षीचा न खपलेला असला तरी नवा असतो. आणि त्यांची लाल वही हा वेगळाच विषय आहे. कापसाचा पहिला वेचा विकला जाईपर्यंत ते कोणाच्या दारात पैसे मागायला जात नाहीत. उधारीवर व्याजही लावत नाहीत. ते आधीच भावात बसलेलं असतं.

दिवाळी झाली. व्यापाऱ्यांच्या ‘कैट’ या संघटनेनं देशभरात ६.०५ लाख कोटींची विक्रमी विक्री झाल्याचं जाहीर केलं. कोणीतरी ती बातमी मुद्दाम शेठना वाचून दाखवली. त्यांनी हात जोडले. “झाली असन. त्यात आपला एकही रुपया नाही.” लक्ष्मीपूजनाच्या वहीवर मात्र त्यांनी कुंकवानं ‘शुभ लाभ’ लिहिलं होतं, आणि त्यातला ‘लाभ’ जरा मोठ्या अक्षरात होता.

खरं पाहता ज्याच्या घरी मंदी येते तो तिचं नावही घेत नाही. अठरा टक्के ओल लागलेला तो माणूस बायको-पोरांचं माप होईपर्यंत दुकानाबाहेर उभा असतो, आणि शेठनी शर्ट पुढे केला तर म्हणतो, “मले नोको, हाय मायाजवळ.” एवढंच. मंदीवर मोठ्यानं बोलायला गल्ल्याच्या मागची खुर्ची लागते. ती शेठकडे आहे, गादीसकट.

तरी मंदीशेठ वाईट माणूस नाही, हे माझं ठाम मत. तो धूर्त आहे, आणि उधारीवर अर्ध्या वस्तीची दिवाळी साजरी करून देणारा धूर्त माणूस गावात असणं सोयीचं असतं. त्यांच्याकडे खरेदीला जाणाऱ्यांसाठी एक उपाय सांगून ठेवतो. दुकानात शिरताच त्यांच्या आधी आपणच म्हणावं, “शेठ, यंदा लय मंदी हाय बाप्पा.” त्यांचं ठरलेलं वाक्य हुकतं, ते गोंधळून आपल्यालाच धीर देऊ लागतात, आणि त्या भरात भाव शंभरानं उतरतो. फक्त जाताना पोरांना घरी ठेवून जा.