थिबाराजाची नव्हेच ती!

वैनी, झाडांना पाणी मागाहून घाला, आधी गडग्याशी या. वरच्या घरातल्या काकांच्या तलवारीचं कळलं का?

"थिबाराजाची ना? दसऱ्याला पूजेत असते की!"

हळू बोला. थिबाराजाची नव्हेच ती! मुंबईचा जावई आलाय ना, त्याला जुन्या हत्यारांचा भारी नाद. तलवार हातात घेतली नि मूठ बघूनच हसला मेला. म्हणे, थिबा ब्रह्मदेशचा राजा, नि ब्रह्मदेशातल्या तलवारीला 'धा' म्हणतात. तिची मूठ गोल नि लांब, हाताला आड येणारं सहसा काही नाही, पातं किंचित वाकडं. आणि हिची मूठ लाकडी, टोकाला मगरीनं जबडा वासावा तशी दुभंगलेली. पातं मुठीशी अरुंद, पुढे रुंद होत गेलेलं. टोकापाशी पाठीवर एक बारीकसा काटाही.

"मग कुठली ती?"

फिलिपिन्सची! दक्षिणेला मिंदानाओ बेट आहे, तिथले मारानाओ, मागिंदानाओ लोक वापरायचे. कांपिलान म्हणतात. काका हटून बसले, तिकडची असती तर नागमोडी नसती का? जावई म्हणाला, ती क्रिस, वेगळी. तिकडचं सगळंच नागमोडी नसतं. पण त्यानं एक मात्र कबूल केलं हो, की नुसत्या मुठीवर जाऊ नये, मूठ मागाहून बदललेली असू शकते. म्हणून त्यानं पातं, टोक, काटा सगळं ताडून बघितलं. मला पटलं. मुळात इंग्रजांनी १८८५ साली गादीवरून उतरवला, पुढच्या वर्षी इथे रत्नागिरीत कैदेत आणून ठेवला, त्या राजाच्या कमरेला तलवार राहू दिली असती होय? देणी भागवायला दागिने विकायची पाळी आली होती बिचाऱ्यावर. तो टेकडीवरचा राजवाडा मिळाला तोसुद्धा १९१० साली. पुरती सात वर्षंही राहिला नाही त्यात.

"पण काकांचे पणजोबा राजवाड्यात कारभारी होते ना?"

तिथेच तर गंमत! जावयानं विचारलं, घरात कोणी बोटीवर होतं का? काका गप्प. मग आजीच बोलल्या आतून, "होते की, आगबोटीवर खलाशी होते तुझ्या सासऱ्याचे पणजोबा. सिंगापूर, मनिला करून आले." चाळीस वर्षं कारभारी म्हणून मिरवले, नि निघाले खलाशी! अहो, मला विचाराल तर वादळात बोट हाकणारा पणजोबा कारभाऱ्यापेक्षा बरा. पण काकांना कोण सांगणार?

"आणि तो राजवाड्यातला पितळी हंडा?"

जावयानं तोही उलटा करून बघायला मागितलाय. काकींनी सकाळीच त्यात मणभर तांदूळ भरून ठेवलेत.