मी, माझा धंदा आणि आमचा पत्रव्यवहार

भाजणीच्या चकल्या घरी करायच्या आणि विकायच्या, एवढाच माझा उद्योग. सुरुवातीलाच सीए म्हणाले, "ताई, प्रोप्रायटरी ठेवा. कंपनी नको, भागीदारी नको. कायद्याच्या लेखी तुम्ही आणि तुमचा धंदा एकच." ऐकून बरं वाटलं. पॅन माझंच, आयकराचं विवरणपत्र माझंच, कर्ज थकलं तर जप्त होणारी भांडीही माझीच. धंद्याला जन्माला घालायला कुठलीही वेगळी नोंदणी लागत नाही, कारण नोंदवायला दुसरं कोणी नसतंच.

मग मी एका बँकेत चालू खातं काढायला गेले. तिथे त्या नसलेल्या दुसऱ्याची कागदपत्रं मागितली.

बँकेला दोष देता येत नाही. एकट्या मालकाच्या धंद्यासाठी मालकाच्या ओळखपत्रांखेरीज धंदा चालू असल्याचे दोन पुरावे घ्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. बँकेला पटलं, तर जागेची पडताळणी करून एकावरही भागवता येतं. बँकेला पटलं नाही. "साहेब आलेत का बरोबर?" असंही विचारलं गेलं. साहेब चकल्या खातात, त्यापलीकडे या धंद्याशी त्यांचा संबंध नाही. आणि खाल्लेल्यांचे पैसे ते देत नाहीत.

त्यानंतर जागामालकाचं ना-हरकत पत्र हवं झालं. फ्लॅट माझ्या नावावर आहे. तेव्हा मी मला रीतसर कळवलं, की माझ्या स्वयंपाकघरात मी चकल्या तळण्यास माझी हरकत नाही. पत्र परत आलं. मजकुराबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पत्र स्वीकारल्याबद्दल धंद्याची सही राहिली होती. तीही केली. मग 'प्रोप्रायटर' असा रबरी शिक्का हवा म्हणाले. कागद शिक्क्यासकट पाहिल्यावर काउंटरवरच्या माणसाच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं, ते माझ्या चकल्या खाऊनही आजवर कोणाच्या चेहऱ्यावर दिसलेलं नाही.

पुरावा पहिला: गुमास्ता. १९४८चा जुना दुकाने कायदा जाऊन २०१७चा नवा आला, तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांची नोंदणी रद्द झाली. नुसती ऑनलाइन सूचना द्यायची, पावती घ्यायची. मी सूचना दिली, पावती घेतली, बँकेत नेली.

"ही पावती आहे. लायसन्स आणा."

"लायसन्स आता मिळत नाही. म्हणून तर पावती."

"हो, पण लायसन्स आणा."

हा संवाद आणखी बराच वेळ चालला; पण त्यात नवीन काही नव्हतं.

त्याच कायद्याला २०२२ साली दुरुस्ती होऊन छोट्यातल्या छोट्या दुकानालाही मराठी पाटी बंधनकारक झाली. देवनागरी अक्षरं इतर लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. माझी पाटी पहिल्यापासून मराठीतच आहे आणि अक्षरं चांगली ठसठशीत आहेत. ती मी दाराच्या आतल्या बाजूला लावली आहे, कारण बाहेर लावायला सोसायटीने परवानगी दिली नाही. तळणाचा वास जिन्यात येतो, अशी तिथे लेखी तक्रार आहे. तक्रारदार महिन्याला एक किलो नेतात.

पुरावा दुसरा: उद्यम. छोट्या उद्योगांची ही सरकारी नोंदणी १ जुलै २०२० पासून आहे आणि पूर्णपणे मोफत आहे. मोफत असल्यामुळे ती करून देण्याचे पैसे घेणाऱ्यांची मोठी गर्दी झाली आहे. इंटरनेटवर शोधलं की सरकारी रंगाची, सरकारी तोंडवळ्याची खासगी दुकानं आधी भेटतात, आणि शेवटी पैसे भरायचं पान येतं तेव्हा उजाडतं. खऱ्या ठिकाणी आधार आणि पॅन दिलं की काम होतं. तिथे मला 'सूक्ष्म' ठरवलं. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत आणि उलाढालीत दहा कोटींपर्यंत सगळे सूक्ष्मच, असं एप्रिल २०२५ पासून ठरलं आहे. माझी यंत्रसामग्री म्हणजे पितळी सोऱ्या आणि दोन कढया. त्यातली एक सासूबाईंची आहे. तिचं ना-हरकत पत्र अजून कोणी मागितलेलं नाही.

अन्न परवान्याच्या चौदा अंकी आकड्याबद्दल मी बोलणार नाही. तो गुपचूप मिळाला. फी वर्षाला शंभर रुपये होती आणि ती भरून देतो म्हणणाऱ्या एजंटची फी तिच्या कितीतरी पट. पण तो आकडा आणि त्याच्या जोडीने काय काय एका लेबलवर बसवायचं असतं! चौकोनातला हिरवा ठिपका. घटक पदार्थ, वजनाच्या उतरत्या क्रमाने. निव्वळ वजन, पॅक केल्याची तारीख, सर्व करांसहित किंमत. शिवाय, पाकीट किलोच्या आतलं असल्यामुळे दर ग्रॅमला किती पडतं तेही. दोनशे ग्रॅमचे एकशेवीस, म्हणजे ग्रॅमला साठ पैसे. आजवर एकाही गिऱ्हाइकाने ग्रॅमचा भाव विचारलेला नाही. सगळे विचारतात, "पाकिटात किती बसतात?" तक्रारीसाठी नाव, पत्ता, फोन आणि ईमेल हवा. तक्रार विभागात मीच आहे. फोन आला की मी ऐकून घेते आणि मालकिणीला सांगते म्हणते.

राहता राहिला जीएसटी. वस्तूंसाठी वर्षाला चाळीस लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी नको. तिथवर पोचेपर्यंत मीच भाजणीत जमा झालेली असेन. पण राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर एका पाकिटालाही नोंदणी हवी, आणि माझी मावशी बेळगावला राहते. भेट म्हणून पाठवलं असतं, पण मावशी फुकट घेत नाही. बेळगाव कोणाचं, यावर आमच्याकडे जेवता जेवता लोक ताटावरून उठले आहेत. महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे. चकलीपुरता तो निकाली निघाला आहे.

पापडाचं मात्र तसं नाही. चकलीवर पाच टक्के कर आहे, पापड करमुक्त. गोल पापडाला माफी आणि चौकोनी पापडाला कर, अशी आवई २०२१ मध्ये उठली, तेव्हा केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाला खुलासा करावा लागला, की पापडाचा आकार आणि नाव काहीही असो, कर नाही. म्हणून मावशीला पापड पाठवले आणि फोन करून सांगितलं, की चकल्या हव्या असतील तर इथे येऊन हातात घेऊन जा, म्हणजे त्या राज्यातल्या राज्यात विकल्या असं होईल.

मावशी म्हणाली, "नको गं. सीमाप्रश्न सुटेपर्यंत थांबते. तोवर दात राहिले, तर खाईन."