श्रीमती स्थगिती यांस सविनय पत्र

प्रति,
श्रीमती स्थगिती,
मुक्काम मंत्रालय, मुंबई 32.

विषय : आपण यापुढे लेखी येण्याबाबत.
संदर्भ : एक फोन. (कागद नाही.)

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून विनंती करतो की, मी इंदापूर तालुक्यातला नोंदणीकृत ठेकेदार. रस्ते, मोऱ्या, गटारं, आणि कुणी दिलाच तर सभामंडप. आपली ओळख जुनी, पण आजवर मी तुमचं तोंड पाहिलेलं नाही. तुम्ही फोनवरूनच येता. अभियंता साहेबांचा आवाज एकदम खाली जातो आणि ते म्हणतात, "जरा थांबवा तेवढं. वरून आलंय." वरून म्हणजे कुठून, हे विचारायचं नसतं. आमच्या तालुक्यात वरून पाऊससुद्धा धड येत नाही. नेमानं येता त्या तुम्हीच.

तुमचा इकडचा गाजलेला मुक्काम जुलै 2022 चा. 30 जूनला नवे मुख्यमंत्री आले आणि पाठोपाठ तुम्ही. नगरविकास खात्याची 941 कोटींची कामं थांबली, त्यांतली 245 कोटींची एकट्या बारामती नगरपरिषदेची. पुढं 2 जुलै 2023 ला बारामतीचेच आमदार अजित पवार त्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले आणि अर्थखातं त्यांच्याकडं आलं. म्हणजे ज्यांच्या गावची कामं अडवली, तिजोरीची किल्ली त्यांच्याच हाती आली. राजकारणात वर्ष म्हणजे डोळ्याची पापणी लवणं. आमच्या धंद्यात वर्ष म्हणजे बँकेचे बारा हप्ते.

तुम्ही एका पक्षाच्या आहात असं मात्र मी म्हणणार नाही. 2019 च्या नोव्हेंबरात त्याच्या आधीचं सरकार सत्तेवर आलं, तेव्हा शपथविधीच्या दुसऱ्याच दिवशी मुंबई मेट्रोच्या आरेतल्या कारशेडसाठी तुम्हालाच बोलावलं होतं. नवरदेव बदलतात, करवली तीच.

कधी कधी तुमचं नाव घेऊन शेतकरीही येतो. नीरा डाव्या कालव्याच्या अस्तरीकरणाला आमच्या भागात विरोध झाला. कालवा इंग्रजांच्या काळातला. त्याच्या पाझरावर विहिरी भरतात आणि विहिरींवर ऊस. काँक्रीट टाकलं की विहिरीचा झरा आटणार, ही शेतकऱ्याची भीती खोटी कशी म्हणू? पण तो निदान समोर उभा राहतो आणि काम का थांबवतोय ते तोंडावर सांगतो. तुमच्याकडून मी एवढीच अपेक्षा करतोय.

तुमची थोरली बहीण आचारसंहिता, तीही बरी. येण्याची तारीख जाहीर, जाण्याची जाहीर. सुरू झालेलं काम चालू द्यायचं. कार्यादेश निघाला पण जागेवर कुदळ पडली नसेल, तर थांबायचं. नियम स्वच्छ. फक्त 2024 साली ती दोनदा आली : 16 मार्चला लोकसभेची, 15 ऑक्टोबरला विधानसभेची. मधले चार महिने पावसाळा, म्हणजे डांबर बंद. बाईसाहेब माघारी गेल्या तेव्हा साखर कारखान्यांचे बॉयलर पेटलेले आणि मजूर उसाच्या फडात. आमच्या वर्षाला बारा महिने असतात हे कॅलेंडर छापणाऱ्याचं मत.

आता मुद्द्यावर येतो. बांधकाम खात्याच्या बी-1 करारनाम्यात पंधरावं कलम आहे. आमच्यातले बरेच जण त्याच्यावर सही करतात, वाचत नाहीत. काम थांबवायचं तर अभियंत्यानं लेखी नोटीस द्यावी, असं त्यात म्हटलंय. सगळं काम सलग 90 दिवसांच्या वर बंद राहिलं, तर पुढच्या 30 दिवसांत, दहा दिवसांची नोटीस देऊन, ठेकेदार उरलेल्या कामातून मोकळा होऊ शकतो. एका वेळी 30 किंवा एकूण 60 दिवसांपेक्षा जास्त थांबवलं, तर बसून राहिलेल्या यंत्रांची आणि मजुरीची भरपाई मागता येते; अर्ज काम पुन्हा सुरू झाल्यापासून 30 दिवसांत करायचा आणि पहिले 30 दिवस आपल्याच खिशातून सोसायचे.

म्हणजे दिवस मोजायचे आहेत. पण कुठल्या तारखेपासून? तुमची हुशारी कळली मला. कागदच नाही, तर पहिला दिवस कुठला?

म्हणून गेल्या खेपेला मीच कागद केला. दीड किलोमीटरचा रस्ता होता; खडीकरण झालेलं, मोरीचा चर उघडा, डांबर बाकी. फोन आला त्याच संध्याकाळी लिहिलं : 'आपल्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार आज दुपारी 3 पासून काम थांबवले आहे. जागेवर एक रोलर, एक टँकर, सात मजूर. झालेल्या कामाची संयुक्त मोजणी करून मोजमाप पुस्तकात (एमबी) नोंद घ्यावी. लेखी आदेश मिळावेत.' सोबत तारखेसह फोटो. चराभोवती दगड रचून लाल फडकं बांधलं, कारण रात्री मोटारसायकलवाला त्यात पडला तर स्थगितीवर गुन्हा दाखल होत नाही, ठेकेदारावर होतो. बँक गॅरंटीची मुदत संपत आलेली. ती पदरचे पैसे घालून वाढवली. मुदतवाढीचा अर्जही तेव्हाच दिला, दंडाची नोटीस यायची वाट पाहिली नाही.

आवक शिक्क्यासाठी तीन खेपा झाल्या. टेबलामागचे भाऊसाहेब म्हणाले, "कशाला कागद करता? साहेबांना वाईट वाटंल." हे खरं दुखणं. कागद मागणारा ठेकेदार भांडखोर ठरतो आणि पुढच्या कामाला त्याचं नाव आलं की लोक घसा खाकरतात. म्हणून पोरं गप्प बसतात, व्याजानं पैसे काढतात आणि फोनची वाट बघतात. थकलेली बिलं राज्यभरात 89 हजार कोटींची आहेत, असं सांगत 2025 च्या सुरुवातीला कंत्राटदारांच्या संघटनांनी स्वतःच काम बंदचा इशारा दिला होता. त्याच वर्षीच्या जुलैत सांगली जिल्ह्यातल्या एका तरुण ठेकेदारानं जीव दिला. जलजीवनच्या कामाचं त्याचं बिल अडकलं होतं. इथं मला विनोद सुचत नाही, बाई. तुम्हाला सुचत असेल तर कळवा. लेखी.

माझा रोलर तोवर बाभळीखाली उभा. एके दिवशी अचानक फोन : "उद्याच सुरू करा, 31 मार्चच्या आत बिल टाका." पोहोचलो तर ड्रायव्हर खालीच उभा. वस्तीवरल्या आजींची कोंबडी सीटखाली अंड्यांवर खुडूक बसलेली. हात घातला की चोच मारत होती. आजी आल्या, बोटांवर मोजलं आणि म्हणाल्या, "पंधरा दिस झाल्यात. एकवीस दिसांनी पिल्लं निघत्यात. अजून सहा दिस थांबा, मग न्या तुमचं इंजान."

का थांबायचं ते कळलं, किती दिवस तेही कळलं. मी दुसरा रोलर भाड्यानं आणला आणि सहा दिवस त्या बाभळीकडं फिरकलो नाही. सातव्या दिवशी सीट मोकळी होती.

तरी महोदया, यापुढे येताना आपण किमान या कोंबडीइतका तपशील सोबत आणावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक थांबलेला ठेकेदार

प्रत माहितीसाठी : वस्तीवरल्या आजी.